मालवणचं 'मरीन पार्क' नावाचं नसलेलं ठिकाण

मालवणात 'मरीन पार्क' नाही. कधीच नव्हतं. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांच्या परिसरातला २९.१२२ चौरस किलोमीटरचा पट्टा १३ एप्रिल १९८७ रोजी राखीव झाला, ती 'मरीन सँक्च्युरी', म्हणजे सागरी अभयारण्य. 'मरीन पार्क' म्हणजे सागरी राष्ट्रीय उद्यान. बोलताना दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात आणि मग 'आता मासेमारी कायमची बंद' ही आवई उठते.

दोन्हींचा कायदा एकच, वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२. शिकारबंदी दोन्हीकडे. खरी मेख कलम २४(२)(क) मध्ये आहे. अभयारण्याच्या हद्दीत कुणाचा पूर्वापार हक्क असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षकाशी सल्लामसलत करून जिल्हाधिकारी तो चालू ठेवू शकतात. राष्ट्रीय उद्यानासाठी कलम १९ ते २६-अ लागू होतात, पण नेमकं हे एक उपकलम वगळून! मालवणातल्या चिवल्याच्या किनाऱ्यावर रापण लागते तेव्हा होडीतून जाळ्याचा वेढा टाकतात आणि माणसं दोन रांगांत उभी राहून दोन्ही टोकांचे दोर ओढतात. अशा पिढीजात धंद्याला अभयारण्यात कायद्याची वाट आहे. उद्यानात ती नाही. शिवाय १९९१च्या दुरुस्तीनुसार प्रादेशिक समुद्रात अभयारण्य करताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायहिताची पुरेशी काळजी घेणं सरकारवर बंधनकारक आहे. होड्यांची निरुपद्रवी ये-जाही अडवता येत नाही.

जून-जुलैची मासेमारीबंदीही लोक अभयारण्याच्या माथी मारतात. ती मत्स्यव्यवसाय खात्याची, यांत्रिक नौकांसाठीची आणि सगळ्या राज्याच्या किनाऱ्याला लागू.

उलट गैरसमज पर्यटकांचा. हद्दीबाहेरचं प्रवाळ तोडलं तर चालतं, असं त्यांना वाटतं. पण प्रवाळभित्ती रचणाऱ्या प्रवाळांना याच कायद्याच्या अनुसूची १ चं संरक्षण देशभर आहे. आठवण म्हणून उचललेला तुकडाही महागात पडू शकतो.

मग मच्छीमारांची भीती निव्वळ खुळी म्हणायची का? तसंही नाही. कच्छच्या आखातात १९८० मध्ये सागरी अभयारण्य झालं आणि १९८२ मध्ये त्यातल्याच काही भागाचं राष्ट्रीय उद्यान. आपल्याकडे चांदोलीचं अभयारण्य २००४ मध्ये उद्यान बनलं. म्हणजे पाटी बदलू शकते. मात्र ती आपोआप बदलत नाही, त्यासाठी वेगळी अधिसूचना काढावी लागते. आजघडीला राज्यात सहा राष्ट्रीय उद्यानं आहेत. त्यातलं एकही समुद्रात नाही.

तेव्हा उद्या एखादी अधिसूचना व्हॉट्सअॅपवर फिरत आली, तर मथळ्यावर जाऊ नका, आतलं कलम शोधा. १८ किंवा २६-अ असेल तर अभयारण्य, ३५ असेल तर राष्ट्रीय उद्यान. हक्काचे दावे नोंदवायची मुदत मात्र जिल्हाधिकाऱ्यांच्या जाहीरनाम्यात शोधा.