पाण्याचा हिशेब कुठे चुकतो?

महाड-पोलादपुरात वर्षाला ३००० मिमीहून अधिक पाऊस पडतो, तरी मे महिन्यात डोंगरातल्या वाड्यांना टँकर लागतो.

जलजीवन मिशनच्या (२०१९) नळयोजनांचे प्रमाण माणशी रोज ५५ लिटर. लोकसंख्येचा आधार मात्र २०११ची जनगणना, आणि ती झाली फेब्रुवारीत, चाकरमानी मुंबई-सुरतेला असताना. ते मुलाबाळांसह गावी येतात मेमध्ये, नेमकी विहीर तळाला गेलेली असते तेव्हा. समजा ५०० माणसांसाठी २७,५०० लिटर धरले आणि गावात ८०० झाली, तर गरज ४४,००० लिटरची. विहिरीला पाणी किती येते, हेही मेमध्येच मोजायला हवे. दिवाळीतला आकडा फसवा असतो.

दुसरा हिशेब विजेचा. विहिरीचे १००० लिटर पाणी डोंगरातल्या टाकीपर्यंत १०० मीटर चढवायला साधारण अर्धा युनिट वीज लागते. पंपावर आणि टाकीवर मीटर नसेल, तर वाटेत गळालेल्या पाण्याचेही बिल ग्रामपंचायत भरते आणि तिला ते कळतही नाही. पाणीपट्टी घरटी ठरावीक, तीही थकते. मग बिल थकून वीज तुटते, टँकर येतो. त्याचा खर्च टंचाई निधीतून होतो, त्यामुळे योजनेच्या हिशेबात तो दिसतच नाही.