आईची स्थानपोथी

मराठी माणसाला प्रवासापेक्षा प्रवासाची तयारी अधिक आवडते, असे माझे जुने मत आहे. आमच्या घरी दार्जिलिंगला जाण्याची तयारी नऊ वर्षे चालू होती. दरवर्षी दिवाळीचा फराळ संपत आला की सौ. विषय काढी आणि मी हिशेब मांडी. मग कधी छपराची गळती, तर कधी चिरंजीवांची फी आमच्या आधी त्या पैशांवर प्रवास करून येई! अखेर २०२० च्या एप्रिलअखेरची तिकिटे आम्ही खरोखरच काढली. बडनेऱ्याहून हावडा आणि हावड्याहून न्यू जलपाईगुडी. सौ.ने सर्वांसाठी लोकरीचे मोजे विणायला घेतले. अचलपुरात मार्च महिन्यात दारात बसून लोकर विणणारी बाई शेजाऱ्यापाजाऱ्यांना कशी दिसली असेल, याची कल्पना वऱ्हाडचा उन्हाळा सोसलेल्या वाचकांनाच येईल.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. २२ मार्चला जनता संचारबंदी झाली, त्याच रात्रीपासून प्रवासी गाड्या थांबल्या आणि २५ मार्चपासून सारा देश घरात बसला. १८९७ साली प्लेगसाठी केलेला साथरोगांचा कायदा पुन्हा लागू झाला. तिकिटांचे पैसे परत आले. मोजे मात्र कपाटात राहिले.

पहिले काही दिवस दार्जिलिंगची हुरहूर फार लागली. संध्याकाळी गच्चीवर जावे, तर उत्तरेला गाविलगडची रांग निळी दिसे. त्या रांगेवरचे चिखलदरा आमच्यापासून तीसएक किलोमीटर. पाहुणे आले की त्यांना तेथे नेऊन भीमकुंड दाखवायचे आणि परत आणायचे, एवढाच आम्हां अचलपूरकरांचा त्याच्याशी संबंध. त्या दिवसांत मात्र चिखलदरा आणि दार्जिलिंग एकाच अंतरावर जाऊन बसले. अंतर मैलांनी मोजायचे नसून परवानगीने मोजायचे असते, हे तेव्हा कळले.

मे महिना उजाडला आणि एक चमत्कारिक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मला दार्जिलिंगची आठवण येईनाशी झाली होती. आठवण येत होती ती सकाळच्या दर्यापूरच्या बसची! मी तेथे मराठी शिकवतो. अचलपूर ते दर्यापूर पन्नासेक किलोमीटर, जाणे आणि येणे. आमच्याकडे याला ‘अपडाऊन’ म्हणतात आणि ते करणाऱ्यांची एक स्वतंत्र जातच असते. जागा धरण्यासाठी खिडकीतून टाकलेला रुमाल, बाजारच्या दिवशी पायांत येणाऱ्या भाजीच्या टोपल्या, नेमके आपल्याच खांद्यावर डुलकी घेणारे बँकेतले गृहस्थ, या साऱ्यांना मी पंधरा वर्षे मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या. आता त्याच गोष्टींसाठी जीव कासावीस होऊ लागला. घरात बसून मोबाइलच्या काचेपुढे मी पाठ देत असे. पलीकडे कोण ऐकत आहे, कोण झोपले आहे, काही कळत नसे. बसमध्ये निदान झोपलेला मनुष्य दिसत तरी होता.

याच रस्त्यावर निम्म्या वाटेवर अंजनगाव लागते, अंजनगाव सुर्जी. १८०३ साली शिंदे आणि इंग्रज यांचा तह झाला, तेच हे गाव. इतिहासाच्या पुस्तकात ते तहासाठी आहे आणि वऱ्हाडात पानमळ्यांसाठी. आमच्या घरी मात्र ते आईचे माहेर म्हणून. आई आता ऐंशीच्या पुढे आहे. मी दर्यापूरला जाऊ लागल्यापासून तिचा एक नेम होता. संध्याकाळी मी पायांवर पाणी घेऊन आत आलो, की ती विचारी, “आज अंजनगाव कसं दिसलं रे बाबू?”

आणि पंधरा वर्षे मी एकच उत्तर देत आलो होतो : “आहे तसंच आहे.”

टाळेबंदीत हा प्रश्न अर्थातच बंद झाला. जूनमधल्या एका संध्याकाळी आई आपणहून म्हणाली, “आता तर तुले घाई नाही. सांग बरं, घरून निघालं का अंजनगावपर्यंत काय काय लागते?”

मी सांगायला बसलो. पथ्रोट सांगितले, संत्र्याच्या बागा सांगितल्या आणि गाडी अडली. पंधरा वर्षांत हजारो वेळा गेलो असेन. पण कधी वर्तमानपत्रात डोके, कधी उत्तरपत्रिकांत, नाही तर डोळे मिटलेले. आई हसली. “काऊन रे, खिडकीतून पाह्यतच नव्हता काय?”

मग तिने सांगायला सुरुवात केली. ती या वाटेने फार तर वर्षातून दोनदा-तीनदा गेलेली, आणि तीही बसने नव्हे, शकुंतलेने. वाचकांपैकी ज्यांनी ही गाडी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मूर्तिजापूर ते अचलपूर ही सुमारे ७६ किलोमीटरांची वाट, रूळ अडीच फूट रुंदीचे. वऱ्हाडचा कापूस मोठ्या लायनीवर पोचवावा आणि तेथून मुंबईच्या बंदरावरून विलायतेला धाडावा, म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी एका इंग्रज कंपनीने ती टाकली. आमचा कापूस मँचेस्टरला गेला, आणि तेथून १९२१ साली घडलेले वाफेचे इंजिन आमच्याकडे आले. ते १९९४ पर्यंत धावले. पुढे डिझेल आले. देशातल्या रेल्वे सरकारच्या झाल्या, तरी ही लाईन कंपनीच्याच नावावर राहिली. सगळी वाट कापायला चार तास लागत. पुढे पुढे तर गार्डच खाली उतरून तिकिटे देई. महामारीच्या आधीच ती थांबली होती. रुळांमध्ये गवत वाढले होते.

अशा गाडीतून जाणाराला बाहेर पाहण्यावाचून दुसरा उद्योग नसतो. आईने प्रत्येक वळण पाहून ठेवले होते. कोणत्या विहिरीवर मोट होती, कोणत्या शेताच्या बांधावर जोड कडुनिंब होते, गाडी कोठे शिटी देई, कोणत्या ठिकाणी पहिल्यांदा पानमळ्यांचा ओला वास येई. ती सांगत गेली आणि मी ऐकत गेलो. दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन बसलो.

लिहिताना मला एकदम आठवण झाली ती महानुभावांच्या स्थानपोथीची. एम्.ए.च्या वर्गात ती वाचली, तेव्हा हा ग्रंथ कोणी कशासाठी लिहिला असेल, असे वाटून मी मनापासून कंटाळलो होतो. श्रीचक्रधरस्वामी ज्या ज्या गावी राहिले, तेथले देऊळ कोठे, त्याचे दार कोणत्या दिशेला, ते कोठे बसले, कोठे निजले, एवढेच त्यात आहे. ही पोथी चौदाव्या शतकातली मानतात आणि ती मुनिव्यासांच्या नावावर आहे. स्वामी निघून गेल्यावर म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून आठवणी गोळा केल्या, त्यांचे लीळाचरित्र झाले. आणि त्या आठवणी जेथे घडल्या, त्या जागांची ही पोथी झाली. लीळाचरित्रातले अळजपूर म्हणजे आमचे अचलपूरच. शिक्षक म्हणून हे मी दरसाल फळ्यावर लिहीत होतो. पण माणूस भेटेनासा झाला की त्याच्या जागेची दिशासुद्धा अमोल होते, हे मला आईच्या वहीने शिकवले. विष्णुभट गोडशांनीही १८५७ च्या धामधुमीतला आपला ‘माझा प्रवास’ पंचवीसेक वर्षांनंतर, १८८३ मध्ये लिहून काढला. त्यांना तो इतक्या वर्षांनी इतका कसा आठवला, हे कोडेही सुटले. भटजींच्या मांडीवर उत्तरपत्रिका नव्हत्या!

ऑगस्टमध्ये जिल्ह्याबाहेरची एस.टी. सुरू झाली, सप्टेंबरात पासाची अट गेली. सारे सुरळीत होईल असे वाटू लागले. आईने ठरवले की संक्रांत झाली की अंजनगावला भावाकडे जायचे. मामा तिच्याहून चार वर्षांनी लहान; दोघे रोज फोनवर भांडत. पण थंडी फार आहे, गर्दी फार आहे, असे म्हणत म्हणत मीच ते पुढे ढकलले. हा दोष माझा आहे. दार्जिलिंगसाठी नऊ वर्षे पैसे नव्हते. अंजनगावच्या बाबतीत तर तेही कारण नव्हते.

फेब्रुवारी उजाडला आणि दुसरी लाट आली, ती आमच्याच जिल्ह्यात आधी. २२ फेब्रुवारी २०२१ च्या संध्याकाळपासून अमरावती आणि अचलपूर ही दोन शहरे बंद झाली. प्रथम एका आठवड्यासाठी, मग आणखी एका. त्याच पंधरवड्यात एका पहाटे फोन आला. मामा झोपेतच गेले. साथीने नव्हे, हृदयाने. डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, “आईंना मधुमेह आहे, वय हे असं. घराबाहेर काढू नका.”

आईने हट्ट केला नाही. तिने मला वही आणून दिली आणि म्हणाली, “तू जा. पण पाहत जा.”

गावाच्या वेशीवर शिपायाने अडवले, कारण विचारले, सोडले. मोटारसायकलवर मी एकटा होतो आणि रस्ताही एकटाच होता. पंधरा वर्षांत प्रथमच मी तो पाहिला. काही बागांत संत्र्याचा आंबिया बहार अजून होता, त्याचा वास मुखपट्टीतूनही आत येत होता. बांधावर पळस पेटला होता. गहू पिवळा झाला होता. जोड कडुनिंबांपैकी एक उभा होता. मोटेची विहीर सापडली नाही. शहानूर नदीत जेमतेम पाणी होते. मोजकी माणसे, तोंडे झाकलेली. कोण रडते आणि कोण नाही, हेही कळेना. सर्व उरकून मी परत फिरलो.

घरी आल्यावर मागच्या दारी आंघोळ केली आणि पडवीत दूर बसलो. आई आतल्या उंबऱ्याजवळ बसली. मामांविषयी तिने काही विचारले नाही. एवढेच म्हणाली, “सांग.”

मी घरापासून सुरुवात केली. एकही वळण सोडले नाही. तास तरी लागला असेल. कडुनिंबाचे सांगितले, विहिरीचेही खरे तेच सांगितले. अंजनगावच्या स्टेशनापाशी आलो आणि म्हणालो, “फलाटावर गवत आहे. बाभळीचं झाड मात्र आहे.”

तेव्हा तिचा बांध फुटला. “त्याच बाभळीखाली उभा राहे तो, मले घ्याले,” ती म्हणाली. “गाडी कितीही उशिरा येवो.”

ही बाभूळ वहीत नव्हती. ती तिने कोणाला सांगितलीच नव्हती.

आता सारे पूर्ववत झाले आहे. बस भरून वाहते, रुमाल पडतात, बँकेतले गृहस्थ माझ्याच खांद्यावर डोके ठेवतात. मागच्या वर्षी आम्ही दार्जिलिंगही करून आलो. कांचनगंगा दोन दिवस ढगांत होती आणि तिसऱ्या दिवशी पहाटे दिसली. मोजे उपयोगी पडले. आईला तेथले सारे सांगितले; तिने कौतुकाने ऐकले आणि म्हणाली, “लय चांगलं. अन् काल अंजनगावावरून गेला होता ना?”

म्हणून उत्तरपत्रिका मी आता घरीच तपासतो. काल पथ्रोटच्या पुढे, पडलेल्या कडुनिंबाच्या जागी कोणीतरी नवे रोप लावून त्याला काट्यांचे कुंपण केलेले दिसले. कडुनिंबाचेच आहे की कशाचे, हे धावत्या गाडीतून नीट कळले नाही. उद्या पाहून सांगतो, असे आईला सांगितले आहे.