टॉन्सिल आणि कायमचा पाहुणा

आरशासमोर 'आ' केला की पडजिभेच्या दोन्ही बाजूंना टॉन्सिल दिसतात. त्यांच्यावरची बारीक भोके म्हणजे आत खोल जाणाऱ्या दहा-वीस चिंचोळ्या घळी. घळींचे अस्तर विरळ असते, त्यामुळे तोंडावाटे आलेल्या जंतूंची आणि पांढऱ्या पेशींची गाठ तिथेच पडते.

वैद्यकाची पदवी नसताना मी या विषयाकडे वळलो तो एपस्टाइन-बार विषाणूमुळे. १९६४ साली लंडनमध्ये अँथनी एपस्टाइन, बर्ट अचाँग आणि इव्हॉन बार यांना तो युगांडाहून आलेल्या एका कर्करोगाच्या पेशींत आढळला. जगातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात तो आहे. आपल्याकडे बहुतेकांना तो लहानपणीच लाळेतून लागतो, कळतही नाही, आणि पुन्हा कधी जात नाही. त्याचे बिऱ्हाड नेमके टॉन्सिलमध्ये! तिथल्या बी-पेशींत शिरून तो त्यांना वाढायला लावतो, मग स्मृती-पेशींत गप्प बसतो. मधूनच जागा होऊन लाळेत उतरतो.

चोर चौकीतच राहायला आला म्हणायचा. मग चौकी करते काय? बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी २००५ साली रक्त आणि टॉन्सिल यांतल्या मारक टी-पेशींची तुलना केली. ग्रंथिज्वराच्या ऐन भरात या विषाणूला ओळखणाऱ्या टी-पेशी रक्तात उदंड, टॉन्सिलमध्ये मात्र तुटपुंज्या. जुन्या वाहकांत चित्र उलटे: सुप्त विषाणू ओळखणाऱ्या पेशी रक्तापेक्षा टॉन्सिलमध्ये कितीतरी दाट. पहारा बसायला वेळ लागतो, पण बसतो तो चोराच्या दाराशीच. शिवाय टॉन्सिलमधल्या नैसर्गिक मारक पेशी इंटरफेरॉन-गॅमा सोडून नव्याने बाधित बी-पेशींची वाढ रोखतात, हे प्रयोगशाळेत दिसले आहे. अवयव-रोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्या काही रुग्णांत याच बी-पेशी बेसुमार वाढून गाठी होतात; पहारा उठल्याची किंमत ती.

टॉन्सिल काढले म्हणून माणूस उघडा पडत नाही. जिभेच्या मुळाशी आणि नाकामागे तशीच ऊती असते. झोपेत श्वास कोंडत असेल तर काढावेतच. माझा आक्षेप आहे तो त्यांना बिनकामाचे ठरवण्याला. १९३४ साली प्रसिद्ध झालेली न्यूयॉर्कची पाहणी बघा. हजार मुलांपैकी ६११ जणांचे टॉन्सिल आधीच गेलेले. उरलेल्या ३८९ पैकी डॉक्टरांनी १७४ जणांना शस्त्रक्रिया सुचवली. नाकारलेली २१५ मुले दुसऱ्या डॉक्टरांना दाखवली. त्यांनी ९९ निवडली. राहिलेल्या ११६ मधून तिसऱ्या फेरीत आणखी ५१. शेवटी टॉन्सिल ठेवायला हरकत नाही, अशी ६५ मुले उरली.