एड्स स्मृतिवन : थोडक्यात

कुठे? अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये, ‘डी लाव्हेआगा डेल’ या सखल भागात. विस्तार सुमारे 10 एकर.

सुरुवात : एड्सने आपली माणसं गमावलेल्या शहरवासीयांना 1988 मध्ये ही कल्पना सुचली. रान माजलेली, दुर्लक्षित जागा साफ करण्याचं काम 1991 मध्ये सुरू झालं.

राष्ट्रीय दर्जा : 1996 मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा केला, राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी त्यावर सही केली. खासदार नॅन्सी पेलोसी यांनी त्यासाठी पाठपुरावा केला होता.

काय पाहाल? रेडवूडची उंच झाडं, नेचे, पायवाटा आणि ‘सर्कल ऑफ फ्रेंड्स’ हे वर्तुळाकार दगडी अंगण. त्याच्या फरशीवर एड्सने गेलेल्यांची, तसंच त्यांच्या जिवलगांची आणि देणगीदारांची नावं कोरली आहेत.

निगा कोण राखतं? स्वयंसेवक. ठरलेल्या दिवशी जमून ते तण काढतात, रोपं लावतात.

जोडीला गोधडी : 1987 मध्ये सुरू झालेल्या ‘एड्स स्मृति-गोधडी’चा सांभाळही आता याच स्मारकाच्या संस्थेकडे आहे. तिच्यात सुमारे 50,000 तुकडे आहेत.

प्रवेश : सर्वांना खुला आणि विनामूल्य.