पाळीव कीटकाची निवड आणि भाषेचा कान

घरी पाळावयाचा प्राणी निवडताना माणसाची दृष्टी बहुधा कुत्रा, मांजर, पोपट, मैना अशा पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांपलीकडे जात नाही. मराठीत तर ‘किडा’ आणि ‘पाळणे’ हे शब्द सहजासहजी एकत्र येत नाहीत. रेशीमकिडा आणि मधमाशी हे अपवाद खरे. परंतु ते उपयोगासाठी पाळले जातात, सहवासासाठी नव्हे. पूर्व आशियात मात्र केवळ आवाजासाठी कीटक बाळगण्याची प्रथा शतकानुशतके चालत आलेली आहे. तेथील पाळणाऱ्यापुढे ‘कीटक पाळावा काय’ हा प्रश्नच नसतो. ‘कोणता पाळावा’ हा असतो. ही निवड कानाने होते. आणि कानाला वळण लावण्याचे काम पुष्कळ अंशी भाषा करते. म्हणून हा विषय प्राणिशास्त्राइतकाच भाषाशास्त्राचाही आहे. प्रस्तुत लेखात जपानी उदाहरणे प्रामुख्याने घेऊन त्याचा विचार करावयाचा आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. जपानमध्ये सर्वाधिक लोकप्रिय ठरलेला गायक-कीटक म्हणजे सुझुमुशी. ‘सुझु’ म्हणजे घंटिका आणि ‘मुशी’ म्हणजे कीटक. हा आपल्या रातकिड्याच्याच जातकुळीतला, कृष्णवर्णी कीटक आहे. नर पुढचे पंख उभारून एकमेकांवर घासतो. एका पंखावरील कानशीसारखी दातेरी शीर दुसऱ्याच्या कडेवर घासली गेली की नाद उत्पन्न होतो. मादी गात नाही. ऐकण्याचे इंद्रिय पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या किंचित खाली असते. पालनाची रीत सोपी आहे. भांड्यात ओलसर माती, वर काकडीच्या किंवा वांग्याच्या फोडी आणि थोडी सुक्या माशांची पूड एवढे पुरते. ही पूड मात्र टाळता येत नाही. प्रथिनांची उणीव पडली की हे कीटक एकमेकांनाच खाऊ लागतात. शरद ऋतूत मादी मातीत अंडी घालते व पुढे सर्व प्रौढ कीटक मरतात. ती माती हिवाळाभर कोरडी पडू दिली नाही, तर उन्हाळ्याच्या आरंभी पिले बाहेर येतात. लाफ्काडिओ हर्न यांनी १८९८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात नमूद केले आहे की, अठराव्या शतकाच्या अखेरीस एदो शहरातील, म्हणजे आजच्या टोकियोतील, एका खाद्यविक्रेत्याने हे कीटक विकावयास आरंभ केला आणि त्यातून कीटकविक्रीचा धंदा उभा राहिला.

निवडीची चर्चा मात्र या धंद्याहून कितीतरी जुनी आहे. अकराव्या शतकाच्या आरंभीच्या ‘गेंजी मोनोगातारी’ या मुरासाकी शिकिबुच्या कादंबरीत एका प्रकरणाचे नावच ‘सुझुमुशी’ असे आहे. तेथे नायक गेंजी दोन कीटकांची तुलना करतो. मात्सुमुशी दूरच्या रानांतून मुद्दाम आणवून बागेत सोडला, तरी तेथे तो क्वचितच गातो. सुझुमुशी मात्र जवळिकीने, मोकळेपणाने गातो, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. ‘मात्सु’ म्हणजे पाइन वृक्ष; त्याच उच्चाराच्या क्रियापदाचा अर्थ ‘वाट पाहणे’ असाही होतो. त्यामुळे मात्सुमुशी काव्यात विरहाचा सोबती ठरला. कीटक आवडता ठरण्यास त्याचा आवाज कारण होतो, तसेच त्याचे नावही कारण होते, हे येथे स्पष्ट दिसते.

खरी अडचण याच्या पुढे आहे. मुरासाकीच्या लेखनातील सुझुमुशी म्हणजे आजचा सुझुमुशीच काय? एदो काळापासून (१६०३–१८६८) अनेक जपानी पंडितांनी असे प्रतिपादन केले आहे की, जुन्या वाङ्मयातील सुझुमुशी म्हणजे आजचा मात्सुमुशी, आणि जुना मात्सुमुशी म्हणजे आजचा सुझुमुशी. मधल्या काळात दोन नावांची अदलाबदल झाली. आज सुझुमुशीचा आवाज ‘रिन्-रिन्’ असा व मात्सुमुशीचा ‘चिन्-चिरो-रिन्’ असा ऐकला जातो. परंतु ‘मात्सुमुशी’ या नावाच्याच नो नाटकात मात्सुमुशीच्या तोंडी ‘रिन्-रिन्’ हा नाद घातलेला आहे. अदलाबदलीच्या पक्षाला हा पुरावा बळकटी देतो. तथापि तो निर्णायक नाही. कारण ‘रिन्रिन्’ हा चिनीतून आलेला, ‘बोचऱ्या थंडीसारखा, स्वच्छ, धारदार’ अशा अर्थाचा विशेषणात्मक शब्दही आहे. नाटककाराने नादाचे अनुकरण केले की गुणाचे वर्णन केले, हे त्या एका वाक्यावरून ठरत नाही.

दुसऱ्या एका जोडीविषयी मात्र फारसा मतभेद नाही. जुन्या भाषेत ‘किरिगिरिसु’ हे नाव ज्या कीटकाला होते, त्याला आज ‘कोओरोगी’ म्हणतात; आणि आज ज्याला किरिगिरिसु म्हणतात, तो पूर्वी ‘हाताओरी’, म्हणजे विणकर, या नावाने ओळखला जाई. या स्थलांतराचा एक अर्वाचीन पडसाद उद्बोधक आहे. १९१० साली शालेय गीतसंग्रहात आलेल्या ‘कीटकांचे आवाज’ या अर्थाच्या गाण्यात ‘किरिकिरि’ हा नाद किरिगिरिसुला दिला होता. तो नाद वस्तुतः कोओरोगीचा, म्हणून १९३२ च्या आवृत्तीत नाव बदलण्यात आले. नाद तसाच राहिला. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने दुरुस्ती योग्य झाली, पण नाव आणि नाद यांचे जे सख्य मूळ रचनेत होते ते तुटले. ‘किरिकिरि’ या नादाशी मिळतेजुळते असे ‘किरिगिरिसु’ हे नाव, नेमके ज्याचा तो नाद आहे त्या कीटकापासून दूर गेले होते. शब्द आपली ध्वनिप्रेरणा मागे टाकून कसा प्रवास करतो, याचे याहून स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण.

आता ध्वनिविचाराकडे वळू. सुझुमुशीचा नाद सुमारे ४००० हर्ट्झ किंवा त्याहून थोड्या अधिक कंपनसंख्येचा आहे. पारंपरिक दूरध्वनीतून ३४०० हर्ट्झपर्यंतचेच ध्वनी जात असल्यामुळे त्यावरून तो ऐकू जात नसे. अशा जवळजवळ शुद्ध स्वरात ना व्यंजन असते ना अनुनासिक. तरीही ‘रिन्’ हा शब्द सर्वस्वी स्वैर नाही. नादाची जलद स्पंदने ‘र’च्या कंपाने, उच्च स्वर ‘इ’ने आणि रेंगाळणारा अनुनाद अनुनासिकाने सुचविला जातो. उलट कुत्सुवामुशी हा कीटक एका शुद्ध स्वरात न गाता विस्तृत पट्ट्याचा खरखराट करतो; त्याचा शब्द आहे ‘गाचा-गाचा’, आणि नावाचा अर्थ आहे ‘लगामाची कडी’. जपानीत सघोष व्यंजन जड, ओबडधोबड नादासाठी व अघोष व्यंजन हलक्या नादासाठी योजण्याची प्रवृत्ती आहे : लहान वस्तू ‘कोरो-कोरो’ घरंगळते, मोठी ‘गोरो-गोरो’. मराठीत ‘कुरकुर’ आणि ‘गुरगुर’, ‘टपकन’ आणि ‘धपकन’ या जोड्यांत तीच जाणीव आहे. दोन असंबद्ध भाषांत हे साम्य आढळते, ही गोष्ट ध्वनिप्रतीकाच्या अभ्यासकाने ध्यानात घेण्याजोगी आहे.

परंतु ध्वनिप्रतीक समान असले तरी मूल्यभाव समान असतोच असे नाही. अमरकोशात रातकिड्यासाठी झीरुका, चीरी, झिल्लिका ही नावे एकत्र दिली आहेत. ती नादानुकारी दिसतात. मराठीने मात्र त्याला नादावरून नव्हे, वेळेवरून नाव दिले. त्याचा ‘किर्र’ हा नाद मग ‘किर्र रान’, ‘किर्र अंधार’ यांत गर्दपणाचा वाचक झाला, आणि ‘किरकिर’ ही कंटाळवाण्या तक्रारीची संज्ञा झाली. ‘कीड’ तर धान्याला, दातांना, समाजालाही लागते. फुलपाखरू सुंदर ठरले, तेव्हा भाषेने त्याला किड्यांतून उचलून पाखरांत नेऊन बसविले. चिनी परंपरेत रातकिड्याचे एक जुने नाव ‘त्सूझी’, म्हणजे ‘विणकामाची घाई करणारा’, असे आहे. हिवाळा जवळ आला, वस्त्रे तयार करा, असा संदेश त्या नादात ऐकला गेला. तोच कीटक पुढे तेथे झुंजीसाठी पाळला जाऊ लागला आणि तेराव्या शतकातील मंत्री ज्या स्सदाव याच्या नावावर त्याविषयीचा एक ग्रंथही आहे.

अशा भेदांचे स्पष्टीकरण कोणी लोकस्वभावात शोधतात, कोणी मेंदूत. त्सुनोदा तादानोबु यांच्या १९७८ सालच्या ‘जपानी माणसाचा मेंदू’ या अर्थाच्या पुस्तकाने, जपानी भाषेत वाढलेल्यांचा मेंदू कीटकनाद भाषेप्रमाणे डाव्या गोलार्धात ग्रहण करतो, असे मत लोकप्रिय केले. त्यांच्या प्रयोगपद्धतीवर गंभीर आक्षेप घेतले गेले आहेत आणि हा सिद्धान्त सर्वमान्य झालेला नाही. आमच्या मते त्याची आवश्यकताही नाही. सेइ शोनागोन हिने इ. स. १००० च्या सुमारास मिनोमुशीचे वर्णन केले आहे. ‘मिनो’ म्हणजे गवताचे इरले; त्या वेष्टनात राहणारी ही अळी टाकून गेलेल्या बापाला ‘चिचि’ असा टाहो फोडते, असे ती सांगते. वस्तुतः ही अळी मुकी आहे. जो नाद अस्तित्वातच नाही तोही परंपरेने ऐकू आला. कारण ‘चिचि’ या शब्दाचा अर्थच ‘बाप’ असा होतो. येथे मेंदूच्या गोलार्धाचा संबंध पोहोचत नाही, शब्दाचा पोहोचतो.

तेव्हा पाळीव कीटकाची निवड ही केवळ वैयक्तिक आवडीची बाब राहत नाही. जुन्या ग्रंथातील कीटकनामाचा अर्थ आजच्या कोशावरून लावणे धोक्याचे आहे, हा त्यातून निघणारा पहिला निष्कर्ष. दुसरा आपल्याशी संबंधित आहे. कोकण, देश, विदर्भ, गोमंतक येथील बोलींत कीटकांची नावे व त्यांचे नादशब्द विखुरलेले आहेत. ते गोळा करताना नावासोबत प्रत्यक्ष कीटकाची ओळख व आवाजाचे ध्वनिमुद्रण हेही नोंदले पाहिजे. ती नोंद आज झाली नाही, तर पुढील अभ्यासकाच्या हाती नुसती नावे उरतील. आणि कोणते नाव कोणाचे, हा वाद जपानी पंडितांप्रमाणे त्यालाही एखाद्या संदिग्ध वाक्याच्या आधारे लढवावा लागेल.