खर्जाचा भाव

विजेवर वाजणाऱ्या बास गिटारचे वय जेमतेम पाऊणशे वर्षांचे. तरी तिच्या जुन्या नगांचा स्वतंत्र बाजार उभा राहिला आहे. त्यात दलाल आहेत, जाणकार आहेत, नकला करणारे आहेत आणि एखादे जादा भोक दिसले की भाव पाडणारे गिऱ्हाईकही आहे. या बाजाराचा नियम सांगायला सोपा : कारखान्यातून जसे निघाले तसेच राहिलेले वाद्य सर्वांत महाग. अडचण एवढीच, की बास हे पोटापाण्याचे हत्यार होते. रोज रात्री वाजायचे, गावोगाव फिरायचे, बिघडले की मिळेल तो सुटा भाग लावून पुन्हा कामाला लागायचे. असे वाद्य जसेच्या तसे सापडणे विरळाच. म्हणून इथला व्यवहार वाद्याइतकाच पुराव्यांचा असतो.

पडदे असलेला खर्ज

बास गिटार येण्याआधी वाद्यवृंदात खर्जाचे काम डबल बास करी. हे वाद्य माणसाहून उंच, उभ्याने वाजवायचे आणि बिनपडद्यांचे. ते न्यायला-आणायला त्रास, आणि ड्रम व ट्रम्पेटच्या गजरात त्याचा आवाज बुडून जाई. सिॲटलच्या पॉल टुटमार्क यांनी १९३०च्या दशकातच भरीव लाकडाची विजेरी बास बनवली होती, पण ती रुजली नाही. विजेरी बास रुजवण्याचे काम १९५१मध्ये कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे लिओ फेंडर यांनी केले. त्यांच्या बासला सतारीसारखे धातूचे पडदे होते, एकूण वीस. पडद्यामुळे बोट किंचित मागेपुढे पडले तरी सूर नेमका लागे, म्हणून नाव ठेवले ‘प्रिसिजन बास’. किंमत सुमारे २०० डॉलर. तारेची वाजणारी लांबी ३४ इंच ठरवली गेली. आजही बहुतेक बास याच मापाच्या असतात.

पुढच्या काही वर्षांत या वाद्याचे रूप बदलत गेले आणि प्रत्येक बदल संग्राहकांसाठी कालखूण ठरला. १९५४मध्ये पाटासारख्या सपाट बॉडीला अंगाशी बसणारे उतार मिळाले. १९५७मध्ये एकसंध पिकअपच्या जागी दोन तुकड्यांचा पिकअप आला. तारांची कंपने टिपून त्यांचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारा भाग म्हणजे पिकअप. १९५९मध्ये पडदे ज्यात बसवतात तो फिंगरबोर्ड रोजवुडचा झाला. १९६०मध्ये फेंडरची दुसरी बास आली, ‘जॅझ बास’. तिला दोन पिकअप होते आणि मेरूपाशी नेकची, म्हणजे पडदे असलेल्या दांडीची, रुंदी दीड इंच होती. प्रिसिजनची तेव्हा पावणेदोन इंच असे. पहिल्या दीड-दोन वर्षांतल्या जॅझ बासला एकावर एक बसवलेली दुहेरी बटणे होती. बाजारात ‘स्टॅक नॉब’ नावाने ओळखली जाणारी हीच जॅझ बास सर्वांत महाग मानली जाते.

इतर कंपन्यांनीही आपापल्या बास काढल्या. गिब्सनने १९५३मध्ये व्हायोलिनच्या आकाराची आणि १९६३मध्ये ‘थंडरबर्ड’ आणली. जर्मनीच्या हॉफनरची पोकळ, हलकी बास बीटल्सच्या पॉल मॅकार्टनी यांच्यामुळे जगभर गेली. रिकेनबॅकरची ४००१ ही १९६१ची. या सर्वांना गिऱ्हाईक आहे, पण भाव ठरवताना मोजपट्टी फेंडरचीच लावली जाते.

सीबीएसची रेघ

जानेवारी १९६५मध्ये लिओ फेंडर यांनी आपली कंपनी सीबीएस या प्रसारण कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. बाजाराने तिथे रेघ ओढली. तिच्या आधीचे वाद्य ते ‘प्री-सीबीएस’, आणि त्याचा भाव वेगळा. अस्सल, अबाधित प्री-सीबीएस बासला आज दहा हजार डॉलरच्या वर मोजावे लागणे नवलाचे नाही.

प्रत्यक्षात दर्जा एका रात्रीत घसरला नव्हता. कामगार तेच होते, सुटे भागही आधीचेच वापरले जात होते. १९६४च्या अखेरची आणि १९६५च्या सुरुवातीची बास शेजारी ठेवली तर फरक शोधावा लागतो. खरे बदल हळूहळू आले. उत्पादन वाढले, १९६८च्या सुमारास बॉडीवरच्या पातळ नायट्रो लॅकरची जागा जाड पॉलिस्टरने घेतली आणि सत्तरच्या दशकात अनेक बास खांदा दुखवण्याइतक्या जड झाल्या. त्याच दशकात जॅझ बासची नेक चारऐवजी तीन स्क्रूंवर बसवली जाऊ लागली. म्हणून सत्तरच्या दशकातला माल बराच काळ स्वस्त होता. साठचा माल आवाक्याबाहेर गेल्यावर मागणी तिकडे वळली आणि तोही चढला. १९८२मध्ये जपानमध्ये सुरू झालेल्या उत्पादनातले पहिले नगही आता गोळा केले जातात.

नेक उघडल्यावर

जुन्या फेंडरची नेक बॉडीत डिंकाने चिकटवलेली नसते, स्क्रूंनी आवळलेली असते. त्यामुळे जाणकार तारा सैल करतो, मागचे चार स्क्रू काढतो आणि नेक अलगद उचलतो. नेकच्या टाचेवर पेन्सिलीने लिहिलेली तारीख असते. १९६२पासून तिथे रबरी शिक्का येतो : मॉडेलचा आकडा, महिना, वर्ष आणि रुंदी सांगणारे एक अक्षर. ‘ए’ म्हणजे दीड इंच, ‘सी’ म्हणजे पावणेदोन. जॅझ बासच्या टाचेवर ‘सी’ दिसले, तर ती विशेष मागणी होती की नेक बदललेली आहे, हे तपासायला हवे.

दुसरा साक्षीदार आत असतो. आवाज कमीजास्त करणाऱ्या पॉटवर उत्पादकाने आकडे ठोकलेले असतात. समजा, ३०४६६२२ असे आकडे दिसले. ३०४ हा स्टॅकपोल कंपनीचा क्रमांक, ६६ हे वर्ष आणि २२ हा आठवडा. म्हणजे ही बास मे १९६६च्या आधीची असू शकत नाही. नंतरची मात्र असू शकते, कारण कारखाने असा माल घाऊक घेऊन वर्षानुवर्षे वापरत. पॉटवरचे सोल्डर कधी वितळवले गेले नसेल तर ते मंद, जुनाट दिसते. चकाकणारा ताजा ठिपका दिसला, तर आत कोणाचा तरी हात फिरला आहे असे समजावे.

नेक आवळणाऱ्या मागच्या पट्टीवरच्या क्रमांकावर नवखा माणूस सर्वाधिक विश्वास ठेवतो, पण तोच पुरावा सर्वांत कच्चा असतो. पट्ट्या डब्यातून हाताला येतील तशा लावल्या जात, त्यामुळे क्रम आणि तारीख जुळतेच असे नाही. शिवाय पट्टी चार स्क्रूंत बदलता येते.

रंगाचा तपास अधिक बारकाईचा असतो. साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत रंग देताना बॉडीत लहान खिळे ठोकत आणि रंग वाळल्यावर उपटत. त्यामुळे मूळ रंग असेल तर त्या भोकांत आत रंग नसतो. भोके रंगाने भरलेली असली, किंवा दिसतच नसली, तर बॉडी पुन्हा रंगवलेली असण्याची शक्यता मोठी. अतिनील दिव्याखाली जुने लॅकर पिवळसर-हिरवट चमकते आणि नंतरची डागडुजी वेगळी उठून दिसते. १९६४पर्यंत रोजवुडच्या फिंगरबोर्डवरचे, जागा दाखवणारे ठिपके मळकट, मातीसारखे असत. नंतर मोतिया चमकीचे आले. बॉडीवर बसवलेले कासवाच्या पाठीसारख्या नक्षीचे जुने सेल्युलॉइड पत्रे काळाने आक्रसतात आणि स्क्रूंपाशी तडकतात. तो तडा दोष असला तरी वयाचा दाखलाही असतो.

भाव कशाने उतरतो

बॉडी पुन्हा रंगवली, की किंमत साधारण निम्म्यावर येते, असा व्यापाऱ्यांचा ढोबळ हिशेब आहे. नवा पिकअप बसवण्यासाठी लाकूड कोरले असेल तर त्याला इलाज नाही. सत्तरच्या दशकात मूळ घोडी काढून ‘बॅडअॅस’ नावाची जड घोडी लावण्याची लाट आली होती. तिचे जादा स्क्रू गेले असतील तर ती भोके कायमची राहतात. पिकअप आणि घोडीवरची क्रोमची झाकणे तर वादकांना अडचणच वाटत. काढलेल्या झाकणात सिगारेटी विझवल्या जात, म्हणून त्याचे नावच ‘ॲशट्रे’ पडले. आता तीच झाकणे वेगळी विकत घेऊन जुन्या बासवर परत चढवली जातात.

पडदे बदलणे मात्र माफ असते. पडदे झिजणारच, सायकलचा टायर बदलला म्हणून सायकल खोटी ठरत नाही. रंग झिजून लाकूड उघडे पडले असले तरी हरकत नसते, पण ती झीज वाजवण्याने झालेली हवी. १९९५पासून फेंडर स्वतःच मुद्दाम झिजवलेल्या नव्या गिटारी ‘रेलिक’ नावाने विकते, त्यामुळे खरी झीज ओळखणे हेही एक कौशल्य झाले आहे.

रंगाची गंमत वेगळीच. मोटारींसाठी तयार केलेल्या रंगांत बास हवी असेल तर फेंडर पाच टक्के जादा आकारत असे. थोडेच लोक ते देत. आज तोच मूळ लाल किंवा निळा रंग वाद्याची किंमत कितीतरी पट चढवतो. अशा बासचे भाग सुटे विकले तर अनेकदा अख्ख्या वाद्यापेक्षा जास्त पैसे येतात, आणि त्यामुळे चांगली वाद्ये मोडली जातात.

नवी, पण महागडी

महागडी बास जुनीच असते असे नाही. १९६९मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरात सुरू झालेल्या अलेम्बिकने अनेक लाकडांच्या थरांची नेक आणि बॅटरीवर चालणारे सर्किट आणले. बासवादक स्टॅन्ली क्लार्क यांच्या हातात ते जगाने ऐकले. १९७६मध्ये लिओ फेंडर यांच्याच सहभागाने निघालेल्या म्युझिक मॅन ‘स्टिंगरे’ने असे सर्किट सर्वसामान्य वादकापर्यंत नेले. न्यूयॉर्कमध्ये रॉजर सॅडोव्स्की आणि १९८३पासून ब्रुकलिनमध्ये फोडेरा यांनी हाताने बनवलेल्या बासचा मान वाढवला. इंग्लंडच्या ‘वॉल’ बास थोड्याच बनतात आणि गिऱ्हाइकाला वाट पाहावी लागते.

या वाद्यांचे गणित जुन्यांपेक्षा निराळे आहे. आपल्या हाताच्या मापाने, आवडीच्या लाकडात करवून घेतलेली बास दुसऱ्याला तशीच आवडेल याची खात्री नसते, त्यामुळे विकताना बहुधा तोटा होतो. अशी बास वाजवण्यासाठी घ्यावी. गुंतवणूक म्हणून नव्हे.

विकताना

विकणाऱ्यापुढे तीन वाटा असतात. दुकानदाराला विकले तर पैसे लगेच मिळतात, पण त्याला स्वतःचा नफा काढायचा असल्याने भाव कमी येतो. दुकानात विक्रीसाठी ठेवले तर विकल्यावर ठरलेला हिस्सा कापला जातो. तिसरी वाट थेट विक्रीची; पैसे जास्त, पण फसवणुकीचा धोकाही जास्त. लिलावघर नामवंतांच्या वाद्यांना उपयोगी पडते. रोलिंग स्टोन्सच्या बिल वायमन यांची १९६९ची फेंडर मस्टँग २०२०मध्ये लिलावात ३,८४,००० डॉलरना गेली. ती किंमत लाकडापेक्षा नावाची होती. एरवी त्याच वर्षाच्या नामांकित साध्या गिटारीपेक्षा बास स्वस्तच असते, कारण गिटार घेणारे संख्येने अधिक आहेत.

परदेशी व्यवहारात लाकडाचा कायदा आडवा येतो. ब्राझिलियन रोजवुड जून १९९२पासून वन्य जीव व वनस्पतींच्या व्यापारावरच्या ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या सर्वांत कडक यादीत आहे. १९५९पासूनच्या प्री-सीबीएस फेंडरच्या फिंगरबोर्डात हेच लाकूड असते, म्हणून विक्रीसाठी सीमा ओलांडताना ते बंदीपूर्वीचे असल्याचा दाखला लागतो. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात फेंडर भारतीय रोजवुडकडे वळली. हे लाकूड म्हणजे सह्याद्रीत वाढणारी शिसव. तिच्यासह रोजवुडच्या सगळ्या जातींवर २०१७मध्ये निर्बंध आले. ब्राझिलियन वगळता इतर जातींच्या तयार वाद्यांना नोव्हेंबर २०१९मध्ये सूट मिळाली. फिंगरबोर्ड कोणत्या झाडाचा, यावर कागदपत्रे ठरतात.

क्रमांक टिपून ठेवावा

संग्राहकांच्या आवडत्या गोष्टी हरवलेल्या वाद्यांच्या आहेत. मॅकार्टनी यांनी १९६१मध्ये हॅम्बुर्गला सुमारे ३० पौंडांना घेतलेली हॉफनर बास १९७२मध्ये लंडनमध्ये व्हॅनमधून चोरीला गेली आणि पन्नास वर्षांनी एका घराच्या माळ्यावर सापडली. बासवादक जॅको पास्टोरियस यांची पडदे काढलेली १९६२ची जॅझ बास १९८६मध्ये न्यूयॉर्कमध्ये नाहीशी झाली. दोन दशकांनी ती एका व्यापाऱ्याकडे निघाली आणि २०१०मध्ये मेटालिकाचे रॉबर्ट ट्रुहिओ यांच्या मदतीने तिच्या मालकीचा वाद मिटला. पडदे काढल्याने एरवी भाव उतरतो. या बासची ओळखच त्या काढलेल्या पडद्यांत आहे.

घेणाऱ्याने म्हणूनच आधी नेक सरळ आहे का ते पाहावे, वाद्य वाजवून पाहावे, मग नेक उघडून शिक्का आणि पॉटचे आकडे ताडावेत, आणि विकणाऱ्याकडून पावती घ्यावी. क्रमांक, टाचेवरचा शिक्का आणि लाकडाच्या रेषा यांचे फोटो काढून ठेवावेत, कारण चोरीचा माल शेवटी त्यावरूनच ओळखू येतो. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या असंख्य गाण्यांना खर्ज देणारे जेम्स जेमर्सन १९८३मध्ये वारले. त्यांची १९६२ची प्रिसिजन बास त्याच सुमारास चोरीला गेली. ती आजवर सापडलेली नाही.