झाडं नंतर, उतार आधी

बंगल्याची परांची उतरते, रंगकाम आटोपत येतं आणि तेव्हा कुठे घरात बागेचा विषय निघतो. मग कोणीतरी सुचवतं, लँडस्केप आर्किटेक्टला बोलवा. पुण्याच्या आसपास बऱ्याच बागा अशाच सुरू होतात. घर झालं की बाग करायची, हा या विषयातला सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे.

या माणसाला बोलवायची खरी वेळ जोत्याची उंची ठरण्याआधीची. प्लॉटवर पाणी कुठून येणार आणि कुठे जाणार, हे जोतं, फाटक आणि रस्ता यांच्या पातळ्यांवर ठरतं. भिंतीपासून बाहेर जाताना जमीन दर मीटरला एक-दोन सेंटिमीटर तरी उतरायला हवी. हे राहून गेलं आणि खाली काळी माती असली, तर ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते आणि वरची फरशी उचलली जाते. पायाच्या खोदकामात वरचा कसदार थर मुरूम आणि राडारोड्याखाली गाडला जातो, आणि पुढे बागेसाठी ट्रकभर माती विकत आणावी लागते. आधी ठरलं असेल, तर तीच माती कोपऱ्यात वेगळी ढीग करून ठेवता येते. प्लॉटवरचं जुनं झाडही तेव्हाच वाचतं. शहरी भागात 1975च्या कायद्यानुसार झाड तोडायला परवानगी लागतेच. पण घराचा नकाशाच झाड धरून काढला, तर तो प्रश्नच उरत नाही.

‘बाग म्हणजे हिरवळ’ हा दुसरा समज. पुण्यात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. म्हणजे 100 चौरस मीटरच्या छतावर वर्षाला 70 हजार लिटर पाणी पडतं. तेवढ्याच आकाराच्या हिरवळीला ऐन उन्हाळ्यात रोज 500 लिटरच्या आसपास पाणी लागतं. छतावरचा थेंबन्‌थेंब साठवला, तरी ही हिरवळ तो साडेचार महिन्यांत संपवेल. चांगला लँडस्केप आर्किटेक्ट हा हिशेब पहिल्याच बैठकीत मांडतो. हिरवळ नकोच, असं तो म्हणत नाही. मुलं खेळतील तेवढ्या तुकड्यावर ती ठेवून बाकी जमिनीला झुडपं, सावली आणि पाणी मुरू देणारी दगडी फरसबंदी देतो.

पुस्तकी ज्ञान इथे कसं फसतं, याचं माझं आवडतं उदाहरण सावलीचं. थंड देशांतल्या पुस्तकांत पानगळीची झाडं लावायला सांगतात: उन्हाळ्यात सावली, हिवाळ्यात ऊन. आपल्याकडे पांगारा आणि काटेसावर फेब्रुवारी-मार्चमध्येच निष्पर्ण होतात, आणि बहावा फुलांनी लगडतो तेव्हा त्याच्यावर पानं जेमतेम असतात. तिन्ही झाडं सुंदर आहेत, जरूर लावावीत. पण दुपारचं ऊन अडवायला पश्चिमेला बकुळ किंवा कडुनिंबच हवा. देशी झाडाला पाणी लागत नाही, हेही अर्धसत्य आहे. मुळं खोल जाईपर्यंत, म्हणजे पहिले दोन-तीन उन्हाळे, त्याला पाणी द्यावंच लागतं.

‘नर्सरीवाला फुकट डिझाइन देतो, मग फी कशाला?’ नर्सरीवाल्याची झाडांची जाण आपल्यापेक्षा कितीतरी जास्त असते. पण त्याची कमाई रोपांच्या संख्येवर असते, म्हणून रोपं दाट लागतात आणि चार वर्षांनी निम्मी उपटावी लागतात. लँडस्केप आर्किटेक्ट बहुधा आर्किटेक्चरच्या पाच वर्षांच्या पदवीनंतर या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला असतो, आणि तुम्ही फी देता ती आराखड्याची. छोट्या प्लॉटसाठी फक्त सल्ला आणि नकाशा घेऊन काम टप्प्याटप्प्यानंही करता येतं.

गच्चीच्या बाबतीत मात्र सल्ल्यावाचून हात घालू नये. 30 सेंटिमीटर ओल्या मातीचं वजन दर चौरस मीटरला 500 किलोच्या घरात जातं. वावरायच्या गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला वापराचा भार साधारण 150 किलो आहे. स्ट्रक्चरल इंजिनीअरने स्लॅब तपासल्याशिवाय तिथे वाफे बांधणं धोक्याचं आहे.

पहिल्या भेटीला फोटो जरूर दाखवा, पण त्याहून उपयोगी माहिती तुमच्याकडेच असते. वाळवण कुठे घालता, आजी-आजोबा संध्याकाळी किती चालतात, माळी रोज येणार की आठवड्यातून एकदा, मे महिन्यात टँकर मागवावा लागतो का, हे मोकळेपणाने सांगा. करारात नकाशे किती, साइटवर भेटी किती आणि मेलेली रोपं कोण बदलून देणार, हे लिहून घ्या. त्यातली एक भेट पहिल्या मोठ्या पावसानंतरची असू द्या, म्हणजे उतार चुकला असेल तर पुढच्या फरशा बसवण्याआधी दुरुस्त होईल.